श्रेय मशरूमलाच द्यावे

मशरूम कॉफी, म्हणजे गुणकारी म्हणून विकल्या जाणाऱ्या मशरूमची भुकटी घातलेले कॉफीसारखे पेय, सुरू करण्याचा निश्चय केला असेल, तर सर्वप्रथम साध्या कॉफीशी रीतसर भांडण उकरून काढावे. इतकी वर्षे तिने आपल्याला रोज सकाळी माणसात आणले, हे उपकार विसरावेत आणि छातीतली धडधड, दुपारची मरगळ, रात्रीची उडालेली झोप, घरच्यांवर निघणारी चिडचिड असे सगळे गुन्हे एकगठ्ठा तिच्या नावावर टाकावेत. आपण दिवसाकाठी चार-पाच कप रिचवतो आणि त्यातला शेवटचा दिवेलागणीनंतर घेतो, हा तपशील या खटल्यात येऊ देऊ नये. पोटात गेलेले कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातचा कप रात्री बाराला आपल्याबरोबर अंथरुणात निम्मा शिल्लक असतो. पण दोष एकदा वेळेला दिला की तो शेवटचा कप बंद करणे एवढाच उपाय उरतो, आणि ज्या उपायाला पैसे पडत नाहीत त्यावर आपला विश्वास बसणे अवघडच.

या भांडणाला परंपरा आहे, याचा अभिमान बाळगावा. अमेरिकेत सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९५ मध्ये भाजलेला गव्हाचा कोंडा आणि काकवी यांपासून केलेले ‘पोस्टम’ नावाचे पेय विकायला काढले, आणि ते खपावे म्हणून कॉफी माणसाच्या मज्जातंतूंची कशी वाट लावते, हे जाहिरातींतून लोकांच्या मनावर बिंबवले. आधी आजार विकावा आणि मग औषध, हा क्रम तेव्हाही असाच होता. मशरूमच्या बाबतीत याहून सुरस इतिहास फिनलंडचा आहे आणि तो पाहुण्यांना सांगण्यासाठी पाठ करून ठेवावा. दुसऱ्या महायुद्धात कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी बर्च वृक्षाच्या खोडावर वाढणारी चागा नावाची काळी बुरशी उकळून तिचा काढा कॉफीऐवजी घेतला. गोष्ट इथेच थांबवावी. पुढे युद्ध संपले, कॉफी परत आली आणि आज दरडोई कॉफी पिण्यात फिनलंड जगात अग्रभागी आहे, हा उत्तरार्ध सांगितल्यास पाहुणे नको ते प्रश्न विचारू लागतात.

पाकीट घरी आले की ते दर्शनी बाजू पुढे करून फळीवर ठेवावे. त्या बाजूला आतल्या मशरूमच्या जातींत लायन्स मेनकडे एकाग्रता, कॉर्डिसेप्सकडे दम, चागाकडे प्रतिकारशक्ती आणि रेशीकडे मनःशांती असे खातेवाटप कोणत्याही रुसव्याफुगव्याविना पार पडलेले असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते आणि बऱ्याच पाकिटांवर तिच्यात पहिले नाव कॉफीचे असते. जिच्याशी एवढे भांडून वेगळे झालो, तीच आपल्या आधी पाकिटात येऊन बसलेली पाहून मन खट्टू करू नये. अशा एका कपात साधारण ५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असते, तर साध्या कॉफीच्या कपात ते ९५ च्या घरात जाते. धडधड कमी झाली, हात थरथरेनासे झाले, रात्री डोळा लागू लागला, ही सगळी किमया या निम्म्यावर आलेल्या कॅफिनची आहे आणि नेहमीचीच कॉफी अर्धा चमचा घातली असती तरी हेच झाले असते, असे एखादा कुजकट माणूस म्हणेलच. त्याच्याशी वाद न घालता, ‘ज्याने घेतलीच नाही त्याला काय कळणार’ एवढे बोलून विषय बदलावा.

काही मिश्रणांत कॉफीचा कणही नसतो. तिथे कोको, चिकोरी आणि मसाले यांच्या आडून मशरूम येते. हे मिश्रण निवडणाऱ्यांचे भाग्य अधिक थोर म्हटले पाहिजे, कारण रोजचे कॅफिन एकदम तोडल्यावर बारा ते चोवीस तासांत डोके धरते, अंग जड होते, सगळ्या जगाचा राग येतो, आणि हा प्रकार दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतो. त्याला कॅफिन सुटल्याचा त्रास असे रूक्ष नाव न देता, शरीर आतून स्वच्छ होत आहे, असे म्हणावे. दहाव्या दिवशी डोके दुखायचे थांबेल, कारण ते थांबणारच होते. त्या सकाळी हातात कोणता कप होता, तेवढे मात्र पक्के लक्षात ठेवावे.

आता कृती. गरम पाण्यावर भुकटी टाकली की ती बुडत नाही, तपकिरी गुठळ्या होऊन वर तरंगत राहते, आणि चमच्याने गुठळी फोडली की आतून कोरडी पूड जशीच्या तशी बाहेर येते. म्हणून बॅटरीवर फिरणारी एक छोटी रवी वेगळी विकत घ्यावी लागते. ती फिरवली की फेस येतो आणि कपाला रूप चढते. फोटो काढायचा तो त्याच क्षणी काढावा, कारण बोलता बोलता फेस बसतो आणि तळाशी मातकट थर साचू लागतो. वास पावसात भिजलेल्या लाकडाच्या वखारीवरून जाताना येतो तसा असतो. पहिला घोट घेताना चेहरा सरळ ठेवणे सरावाने जमते. चव कशी आहे, असे कोणी विचारल्यास ‘अगदी कॉफीसारखी’ असे ठणकावून सांगावे. पहिला घटक कॉफीच असेल, तर हे विधान खोटे ठरण्याची भीतीही नाही. शेवटचा घोट कप चांगला हलवून आणि डोळे मिटून घ्यावा, कारण पैसे त्या गाळाचेच मोजलेले असतात.

श्रद्धेला शास्त्राची जोड असावी, म्हणून दोन-तीन संशोधने जिभेवर ठेवावीत. लायन्स मेनवरचा जपानमधला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशी ते ऐंशीच्या दरम्यानचे, स्मरणशक्ती थोडी मंदावलेले तीसेक जण होते. त्यांतल्या निम्म्यांना सोळा आठवडे रोज सुमारे तीन ग्रॅम भुकटी गोळ्यांच्या रूपात दिली, तेव्हा चाचणीतले गुण वाढले, आणि गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा घसरले. यातून ‘जपानमध्ये सिद्ध झाले आहे’ एवढेच शब्द उचलावेत. माणसे मोजकी होती आणि उतारवयातली होती, ती गोळ्या घेत होती, कॉफी पीत नव्हती, आणि आपल्या पाकिटातल्या एका मापात लायन्स मेन बहुधा काहीशे मिलिग्रॅमच भरते, असल्या किरकोळ बाबींत शिरू नये. अनेक पाकिटांवर प्रत्येक मशरूमचे वजन न देता सगळ्यांची मिळून एकच बेरीज ‘खास मिश्रण’ म्हणून छापलेली असते, त्यामुळे हिशेबाचा हा ताप मुळातच वाचतो.

शिवाय मशरूमच्या नावाखाली मशरूमच मिळावे, असा हट्ट धरू नये. काही उत्पादक तांदूळ किंवा ओट यांच्या दाण्यांवर बुरशीचे तंतू वाढवतात आणि ते दाण्यांसकट दळतात, तेव्हा आपल्या वाट्याला धान्याचा स्टार्चही भरघोस येतो. स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळीच, असल्यामुळे पाकिटावर ‘पॉलिसॅकराइड अमुक टक्के’ असा भारदस्त आकडा खुशाल छापता येतो, आणि ज्या बीटा-ग्लुकन या मशरूममधल्या पॉलिसॅकराइडसाठी मशरूम घ्यायचे त्याचा आकडा द्यायची गरज उरत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतली पाचच लेबलाशी जुळली. उरलेल्या चौदांच्या गिऱ्हाइकांनाही मन शांत झाल्यासारखे वाटतच असणार. रेशीचे सामर्थ्यच असे की ती पाकिटात नसली तरी गुण येतो.

कॉर्डिसेप्सची थोरवी सांगताना १९९३ चा दाखला हमखास द्यावा. त्या वर्षी चीनच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत तिथल्या महिला धावपटूंनी जागतिक विक्रमांची अक्षरशः धूळधाण उडवली आणि प्रशिक्षक मा जुन्रेन यांनी त्याचे श्रेय सुरवंटावर वाढणाऱ्या या बुरशीला आणि कासवाच्या रक्ताला दिले. पुढे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या तोंडावर उत्तेजकांसाठीच्या रक्ततपासणीनंतर त्यांच्या सहा धावपटूंना संघातून वगळण्यात आले, पण ते विषयाला सोडून होईल. पाकिटातली बुरशी ती सुरवंटावरची दुर्मीळ बुरशी नसून बहुधा कारखान्यात वाढवलेली तिची चुलत बहीण असते, हेही सांगायची गरज नाही. कासवाचे रक्त अद्याप कोणी कॉफीत घातलेले नाही, एवढे समाधान मानावे.

फायदा मोजण्याची पद्धत सोपी आहे. ज्या सोमवारी मशरूम कॉफी सुरू कराल, त्याच सोमवारपासून रात्री लवकर झोपावे, साखर निम्मी करावी, पाणी नेमाने प्यावे आणि सकाळी पाऊण तास चालून यावे. महिनाभरात तब्येतीत फरक दिसला की श्रेयाची वाटणी करू नये. झोपेला आणि चालण्याला त्याची हाव नसते.

पदार्थ नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही, हे ठाम वाक्यही ठेवणीत असू द्यावे. जपानमध्येच एका ७२ वर्षांच्या महिलेने सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली आणि पुडीतल्या ऑक्झलेट या क्षारामुळे तिची मूत्रपिंडे निकामी झाली, अशी नोंद २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, असेही डॉक्टर सांगतात. मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या वाचकांपुरता उपरोध बाजूला ठेवतो: आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

पहिले पाकीट संपत आले तरी काहीच वाटले नाही, तर घाईने मत बनवू नये. गुण यायला निदान तीन महिने लागतात, असे विक्रेते सांगतात, आणि तीन पाकिटे एकदम घेतल्यास सवलतही देतात. त्यानंतरही झोपेची तक्रार उरलीच, तर रात्री घेण्यासाठी मशरूम कोको मिळतो. त्यातही रेशीच असते. सकाळच्या पाकिटातली रेशी आपल्याला तरतरीत करते आणि रात्रीच्या पाकिटातली निजवते, म्हणून दोन्ही डबे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवावेत. घाईत अदलाबदल झाली, तर कोणत्या वेळी काय वाटून घ्यायचे, याचा घोळ होतो.