लॅपटॉपशिवाय आठ महिने: ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की अपघातातल्या गाड्यांच्या सर्व्हेला, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासायला, जाताना लॅपटॉप न्यायचं मी बंद केलंय. अकरा इंची टॅब, घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड, एक पेन आणि पॉवर बँक, एवढ्यावर आठ महिने काम चाललंय. त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने ही प्रतिक्रिया आली:

“काका, टॅबवर काम हा हौसेचा मामला. ज्याला खरंच काम असतं तो लॅपटॉप घेतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक टॅब तीनदा चार्ज करते हे गणित चुकलंय. एक्सेलचे मॅक्रो टॅबवर चालत नाहीत हे तुम्ही लपवलंत. कीबोर्ड, पेन, कव्हर सगळं धरलं तर तेवढ्यात बरा लॅपटॉप आला असता. पण असो. खेळणी सांभाळा.”

दोन ओळींत आभार मानून विषय संपवणार होतो. मग चहा झाला, परत वाचलं आणि राहवलं नाही.

आधी ‘काका’. माझं वय लपलेलं नाही, त्यामुळे शब्दाला हरकत नाही. पण आपल्याकडे काका दोन तऱ्हेने म्हणतात. एक, दारात चप्पल काढताना. दुसरं, एसटीत आपण रुमाल टाकलेल्या जागेवर बसून घेतल्यावर. तुमचं कुठलं, ते वाचणाऱ्याला कळतं. आणि ‘पण असो’ म्हटल्यावर माणूस गप्प बसतो अशी माझी समजूत होती. तुम्ही ‘असो’ म्हणून आणखी एक टोला हाणलात.

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते. पॉवर बँकेचं गणित माझं चुकलं. मी सरळ २०,००० ला टॅबच्या ७,०४० ने भागलं आणि तीन म्हणून मोकळा झालो. डब्यावरचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे ७४ वॅट-अवर (साठवलेल्या विजेचं माप). टॅबची बॅटरी साधारण २७ वॅट-अवरची. मधे व्होल्टेज वर-खाली करताना उष्णतेत काही जातंच. सव्वादोन वेळा धरा. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी ती सुधारतो, हे इथले जुने वाचक जाणतात. (विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेतून नेता येते, चेक-इनच्या सामानात टाकायची नाही, हेही त्याच लेखात होतं. ते बरोबर होतं. त्याबद्दल प्रतिक्रियेत अक्षर नाही.)

तर मुख्य वाक्य. “ज्याला खरंच काम असतं तो लॅपटॉप घेतो.”

मी १९९६ पासून मोटार सर्व्हेअर आहे. सातारा, कराड, पाटण हा माझा पट्टा. सुरुवातीला रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि एका अपघाताला दहा-बारा पुरायचे. म्हणून तिसऱ्या अपघाताची वाट बघत रोल कॅमेऱ्यातच पडून राहायचा. लोकांचे अपघात व्हावेत असं कुणाला वाटेल, पण रोल संपावा असं मला वाटायचं, हे आज कबूल करतो. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्यायचा, रिपोर्ट कार्बन घालून तीन प्रतींत. पुढे सेकंडहँड सोनी मॅविका घेतला, फ्लॉपीवर फोटो साठवणारा. एका फ्लॉपीत पंधरा-वीस फोटो मावायचे आणि धुळीत फ्लॉपी रुसली की सगळेच जायचे. तेव्हाही एक सहकारी म्हणाला होता, “खेळणं आहे, टिकणार नाही.” तुमचाच शब्द. कॅमेरा नाही टिकला हे खरं, पण रोलही नाही टिकला.

२००७ ला लॅपटॉप घेतला. चार्जरसकट तीन किलोच्या वर. तुम्ही म्हणता तसं, खरंच काम असलेल्या माणसासारखा. पुढे एका पावसाळ्यात खंबाटकी घाटात एक दुधाचा टँकर उलटला. गाडी खालच्या एका गॅरेजमध्ये ओढून आणली होती. माझ्या लॅपटॉपची बॅटरी तोवर नावालाच उरलेली, म्हणून भिंतीतल्या सॉकेटला लावून बसलो. त्याच लाइनवर वेल्डिंग मशीन. पलीकडे पोरगा टाका मारायचा, इकडे दाब पडायचा आणि लॅपटॉप बंद. एक रिपोर्ट चार वेळा लिहिला. चौथ्यांदा त्या पोरालाच माझी दया आली आणि तो चहा प्यायला गेला. तुम्ही कधी ऑइलने काळ्या झालेल्या बाकावर, मांडीवर पोतं घेऊन लॅपटॉप उघडलाय का? नसेल तर ‘खरंच काम’ हा शब्द जरा जपून वापरा. तुमचं ऑफिस बहुधा एसी असावं. खुर्ची फिरती असावी. हा माझा अंदाज, चुकला तर सांगा, तेही दुरुस्त करीन.

आज मी काय करतो? टॅबनेच फोटो काढतो. त्याच फोटोवर पेनने गोल करतो: हा पोचा नवा, हा जुना, या गंजाचा या धडकेशी संबंध नाही. पूर्वी हे शब्दांत लिहायला अर्धं पान लागायचं आणि तरी कंपनीतून फोन यायचा, “डावं म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचं का?” आता फोन येत नाही. कीबोर्ड स्टेपनीवर उघडतो आणि टिपण तिथल्या तिथे लिहून होतं. मे महिन्यात बॉनेटवर ठेवला तर टॅब तापतो आणि चार्जिंग थांबवतो, हेही मी लेखात लिहिलं होतं. म्हणजे लपवण्याचा स्वभाव नाही. घडीच्या कीबोर्डाला मधे बिजागरी असल्याने इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीतला ‘व’ डाव्या तुकड्यावर जातो आणि माझं बोट उजव्या हाताचं, त्यामुळे या ब्लॉगवर मधूनमधून ‘व’ गळलेला दिसेल. तोही लपवलेला नाही, गळलेला आहे.

आणि माझं सोडा. अंगणवाडीच्या ताई मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये मुलांची वजनं-उंच्या भरतात, मोबाइलवर. त्याच वर्षी आपल्या राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, कारण ते ॲपचा भार पेलत नव्हते. त्यांनी चांगला फोन मागितला, लॅपटॉप नाही मागितला. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो चढवतो. एसटीतल्या कंडक्टरच्या गळ्यात तिकिटाचं मशीन असतं. यांच्यातल्या कुणाला जाऊन सांगा, तुम्हाला खरंच काम नाही म्हणून. मी बरोबर येतो, लांब उभा राहतो.

त्याच लेखाखाली आणखी एका वाचकाने सगळ्या टाईप-सी केबल सारख्याच का, असं सौम्यपणे विचारलं होतं. त्यांना: नाहीत. दिसायला सारख्या, पण आत ओळखचिप नसलेल्या केबलमधून ३ अँपिअरच्या वर करंट जात नाही, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट. शिवाय चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक केबलचा डेटाचा वेग जुन्या ४८० एमबीपीएसचाच असतो. टॅबला चार्जिंगपुरती ती पुरते. फोटोंनी भरलेला एसएसडी रिकामा करायला बसलात तर जेवून या. बघा, असं विचारलं की उत्तरही असं मिळतं.

आता मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये हिशोब आपोआप करून देणारे छोटे प्रोग्रॅम. टॅबवर चालत नाहीत, बरोबर. माझ्या असेसमेंट शीटमध्ये, म्हणजे नुकसानभरपाईच्या तक्त्यात, घसाऱ्याचा (वापरलेल्या भागांच्या किमतीतून वजा होणाऱ्या रकमेचा) हिशोब मॅक्रोवर आहे: रबर-प्लॅस्टिकला ५० टक्के, फायबरला ३०, काचेला शून्य, पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. ती फाईल मी संध्याकाळी मुलीला पाठवतो, ती तिच्या लॅपटॉपवर चालवून परत पाठवते. पाच मिनिटांचं काम. ‘लपवलंत’ हा शब्द मात्र मागे घ्यावा अशी अपेक्षा आहे.

किमतीचं म्हणाल तर तो ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. (कव्हर दोनदा घ्यावं लागलं. दुसरं तुम्ही धरलेलं नाही.)

मुलीने हे पोस्ट करायच्या आधी वाचलं. म्हणाली, “बाबा, वेल्डिंगवाल्या पोराला एवढी जागा आणि मॅक्रोला पाच ओळी?” तिला उत्तर घरी दिलंय. उद्या सकाळी उंब्रजला एक टेम्पो बघायचाय, शीट रात्रीपर्यंत कंपनीला हवी. मुलगी उद्या तीन दिवसांसाठी मैत्रिणीच्या लग्नाला चालली आहे, लॅपटॉप घेऊन. बघू.