बेब रूथ नाटकासाठी विकला? आधी तारखा बघा

माझी भाची बोस्टनला शिकते आणि तिला नाटकात काम करायचंय. हे कळल्यावर तिच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तो इतरही ठिकाणी फिरतोय. मेसेज असा: बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा मालक हॅरी फ्रेझी नाटकवाला, त्याला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. 'नो, नो, नॅनेट' या संगीत नाटकाला पैसे हवेत म्हणून त्याने संघाचा स्टार खेळाडू बेब रूथ न्यूयॉर्क यांकीज या दुसऱ्या संघाला विकला. रूथच्या शापाने रेड सॉक्सला 86 वर्षं विजेतेपद मिळालं नाही. म्हणून नाटकाचा नाद नको.

एका पोरीला घाबरवायला खोटी गोष्ट कशाला वापरता?

रूथचा सौदा डिसेंबर 1919 मध्ये ठरला आणि 5 जानेवारी 1920 ला जाहीर झाला. 'नो, नो, नॅनेट' ब्रॉडवेवर लागलं ते 16 सप्टेंबर 1925 ला. मधे पावणेसहा वर्षं! त्याच्याही आधी, 1923 मध्ये, फ्रेझीने अख्खा संघच विकला होता. इतकी वर्षं आधी खेळाडू विकून कोण नाटक उभं करतं? आणि त्या नाटकाने त्याला बुडवलं नाही, रग्गड पैसा मिळवून दिला. या दोन तारखा कोणालाही पडताळता येतात. मेसेज पुढे ढकलण्याआधी तेवढं तरी करायचं.

थोडं खरं आहे, तेही सांगतो. 'नॅनेट' ज्यावरून बेतलं ते 'माय लेडी फ्रेंड्स' हे गद्य नाटक फ्रेझीनेच डिसेंबर 1919 मध्ये रंगमंचावर आणलं होतं. पैशांची निकडही होती. रूथचे एक लाख डॉलर ठरले, शिवाय यांकीजचे मालक जेकब रुपर्ट यांच्याकडून रेड सॉक्सचं मैदान फेनवे पार्क गहाण ठेवून त्याने मोठं कर्ज घेतलं. पण 1916 मध्ये संघ घेतला त्याचं जुन्या मालकाचं देणंच अजून फिटलं नव्हतं. त्यात रूथ करार चालू असताना वर्षाला दहा हजार डॉलरऐवजी वीस हजार मागत होता. पुढे वेट हॉइट, हर्ब पेनॉक हे खेळाडूही यांकीजकडे गेले आणि 1922, 1923 ला रेड सॉक्स गुणतक्त्यात तळाला. याचा दोष फ्रेझीचाच.

बेसबॉल कळत नव्हतं म्हणावं, तर 1918 चं विजेतेपद त्याच्याच मालकीत आलं.

राहिला शाप. 1933 पासून संघ टॉम यॉकीच्या हाती होता. एप्रिल 1945 मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन फेनवे पार्कवर चाचणी देऊन गेला आणि रेड सॉक्सने त्याला घेतलं नाही. दोन वर्षांनी तो ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून उतरला. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो 1959 मध्ये, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या सगळ्या संघांत शेवटी. दारात आलेला रॉबिन्सन परत पाठवला तो रूथच्या शापाने नव्हे, संघ चालवणाऱ्या माणसांनी.