तीन सह्या, तीन साड्या

गेले आठ दिवस धंतोलीतल्या आमच्या सकाळच्या चहाच्या कट्ट्यावर समान नागरी कायदा चालू आहे. उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीत लागू झाला, आपल्याकडे कधी? "त्यांच्या" बायकांना न्याय कधी? मीही मान डोलवत होतो. परवा मात्र डोलवता आली नाही. आदल्या रात्री कपाट आवरताना २०१३ चं हक्कसोडपत्र हाती आलं होतं.

काटोलजवळ आमची आठ एकर वडिलोपार्जित शेती. संत्रा. बाबा २००३ मध्ये गेले. मी एकुलता मुलगा, ताईचं लग्न १९९१ चं, धाकटीचं १९९६ चं. दहा वर्षं फेरफार तसाच पडून होता. मग एका सकाळी आई आणि दोघी बहिणींना गाडीत घालून नोंदणी कार्यालयात नेलं. फोटो, अंगठ्याचे ठसे, सह्या. मुद्रांक शुल्क किरकोळ. येताना तर्री पोहे खाल्ले आणि इतवारीतून तिघींना साड्या घेतल्या. सगळं हसतखेळत. ताई म्हणाली, "मले काय करायचं बाप्पा वावर, तुमचं चांगलं राहो." मला ते पटलं. फुकटात मिळणारी गोष्ट कोणाला पटत नाही?

त्या दिवशी तिने काय सोडलं याचा हिशोब मी परवा पहिल्यांदा वकील मित्राकडून करून घेतला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे बाबा गेले त्या दिवशीच्या कायद्याने धाकटीचे अडीच एकर आणि ताईचा अर्धा एकर. गुन्हा काय, तर लग्न तीन वर्षं आधी झालं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्या तारखेला बाप जिवंत हवा. २०२० मध्ये त्याच कोर्टाने ठरवलं, नसला तरी चालेल, हक्क जन्मानेच आहे. म्हणजे आई धरून चौघांचे सरळ दोन-दोन एकर. कायदा असा हेलकावे खात असताना आमच्या घरात निकाल मात्र एकच होता : साडी.

सही होती म्हणून फसवणूक नाही, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण गाडीत बसायच्या आधी मी कोणालाच सांगितलं नव्हतं की तुझे इतके एकर आहेत. आणि ती नाही म्हणाली असती, तर पोळ्याला, भाऊबीजेला तिचं आमच्याकडे कसं स्वागत झालं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. वाटा मागणारी बहीण आपल्याकडे "कोर्टात गेलेली" होते, कोर्टाचं तोंड न पाहता.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे मोमीनपुऱ्याचे भाई हे ऐकून हसले. "आमच्याकडे मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, तोही ठरलेला. पण बहिणी सोडूनच देतात, भाऊ." १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन तर मुळातच वगळलेली आहे. आणि आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागूच नाही, त्यामुळे गडचिरोलीच्या गोंड बाईचं गणित तिसरंच. कायदे तीन, सवय एक. समान नागरी कायदा यावा, माझा विरोध नाही. पण "आपल्यांचं" झालं, आता "त्यांचं" करा, ही भाषा मला आता ऐकवत नाही.

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यामागे रखडलेलं हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं. १९५६ च्या जूनमध्ये वारसा कायदा झाला तोही अर्धामुर्धा, मुलगी बापाची वारस, पण एकत्र कुटुंबात भागीदार नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी इथे, आपल्या नागपुरात दीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर मी दरवर्षी जातो, फोटोही टाकतो. हे वाक्य लिहिताना जरा लाजच वाटते.

बायकोला सांगितलं, दोघींना बक्षीसपत्राने परत देतो. आई आता नाही, तिचा वाटाही त्यात धरून. बायको म्हणाली, "द्या. पण मग माझ्या भावांकडून माझंही मागा." तिनेही सही केलेली आहे! म्हणजे आमच्या घरात तीन सह्या आल्या, एक गेली. पोरगा दोन दिवस नीट बोलत नाहीये.

ताईला फोन केला तर म्हणाली, "कायले बापू, कागद-बिगद काही करू नको. बहाराची एक पेटी पाठवत जा."

धाकटीला केला. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "कोणती बाजू? विहिरीची?"