केंद्रातून घरी आल्यावर

इंग्लंडात लीड्समध्ये बसून गावाकडच्या बातम्या वाचताना दारूचा विषय सारखा समोर येतो. कुठं ग्रामसभेत बायांनी बाटली आडवी करायचा ठराव मांडलेला असतो, कुठं परमिट रूमच्या परवान्यावरून भांडण पेटलेलं असतं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा तर महिनाभर दुसरं काही वाचायला मिळेना. २०१६ च्या दुष्काळात लातूरकर रेल्वेनं आलेलं पाणी पीत होते आणि संभाजीनगरकडच्या बियर कारखान्यांचं पाणी कमी करायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. हे वाद व्हायलाच हवेत. मात्र त्या सगळ्यात ज्याला दारू सोडायचीच आहे, तो माणूस कुठंच सापडत नाही.

लातूर जिल्ह्यातला माझा चुलतभाऊ मागच्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. पैसे भरले, माणूस आत गेला, अंग भरून बाहेर आला. काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, माणूस तर चांगला होऊन आलाय, पण दिवस मावळला की मलाच भ्या वाटायलंय. आता ह्यांनी बसावं कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्या तालुक्यांत नाही. केंद्रात सगळा दिवस आखलेला असतो. घरी आल्यावर तोच पार, तीच टपरी, तेच मित्र आणि तोच संध्याकाळचा रिकामा वेळ.

इथं आमच्या ओळखीतल्या एका मराठी माणसाबरोबर मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या खुल्या बैठकीला जात असे. खुल्या बैठकीत घरचे, मित्र कुणीही बसू शकतात. बंद बैठक फक्त मद्यपींची. चर्चच्या मागच्या बाजूची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, किटलीत चहा. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव कुणी विचारत नाही. एक जण उठून आपली गोष्ट सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "काल रात्री मी पुन्हा प्यायलो." कुणी मान फिरवली नाही. शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि बैठक पुढं सुरू झाली.

इंग्लंडचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये थेट दारूमुळे १०,४७३ माणसं मेली. इथंही दारू घरं मोडते. पण सोडणाऱ्याला आठवड्यात जवळपास कुठं ना कुठं बसायला खोली मिळते, आणि ती सरकारनं बांधलेली नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल नावाच्या शेअर दलालाला पुन्हा पिण्याची ओढ लागली. तेव्हा त्यानं दारूपायी बेजार झालेला दुसरा माणूस शोधला. तो डॉक्टर होता. दोघं बोलत बसले आणि त्यातूनच एए उभी राहिली. आजही दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले की गट होतो.

आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं उपचारांनंतरचा पाठपुरावा आहे, पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे. एएच्या बैठका आपल्या मोठ्या शहरांत होतात. पण रोजगार बुडवून खेड्यातल्या माणसानं दर आठवड्याला तिकडं जायचं कसं?

आणि गावात माळकरी मंडळी आहेत. माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसं मराठवाड्यात गावोगाव भेटतात. भजन, सप्ताह, वारी, सोबतीला चार माणसं. ही ताकद खरी आहे, तिला कमी लेखणाऱ्याशी मी भांडेन. पण माळ घालून पुन्हा प्यायलेला माणूस शरमेनं मंडळींकडं फिरकत नाही. ज्या दिवशी त्याला सोबत सगळ्यात जास्त हवी, त्याच दिवशी तो एकटा पडतो. म्हणून घसरलेल्यालाही परत येता येईल अशी जागा हवी, आणि जिथं कुठल्याही जातीच्या, धर्माच्या माणसाला, बाईलाही, संकोच न वाटता बसता येईल अशी हवी.

लोक विचारतात, गावात सगळे ओळखीचे, नाव लपणार कसं? अहो, तो पितो हे गावाला आधीच ठाऊक असतं. जपायचं ते खोलीत बोललेलं, आणि ते जपता येतं.

वहिनींना मी दोन गोष्टी सांगितल्या. जाहिरातीतलं, न सांगता जेवणात घालायचं औषध आणू नका. त्यानं जीव जाऊ शकतो. आणि ते पुन्हा रोज प्यायला लागले, तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. फिट येते, भ्रम होतो. आधी डॉक्टर गाठा. १४४४६ या सरकारी मोफत नंबरवर विचारता येतं.

पण खोलीचं काम गावाकडच्यांनीच करायचं आहे. तालुक्याच्या वाचनालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एक खोली उघडी ठेवा, कारण त्याच दिवशी हातात पैसे असतात आणि पाय दारूच्या दुकानाकडं वळतात. ऊसतोडीची टोळी उचल घेऊन कारखान्याकडं गेली की तिथल्या तळावरही अशी बैठक लागेल. वीज, चहा आणि चटयांचा खर्च आम्ही बाहेर राहणारे आनंदानं उचलू. दारू सोडलेली दोन माणसं तेवढी तुम्ही शोधा.