शेवटची १३ मिनिटं : दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय आल्या दिवशीच वाचला होता. उत्तराला आठवडा लागला, कारण पहिल्या दोन वेळा जे लिहिलं ते नुसतं भांडण झालं होतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे पाठवू नकोस. माणूस खरं बोलतोय." मग थांबलो.

ज्यांनी तुमचं लिहिणं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या गिरगावातल्या तीन दिवसांच्या चित्रपट महोत्सवाचे तुम्ही प्रत्येकी ४०० रुपयांचे दोन पास घेतलेत, एक तुमचा, एक आईंचा. पहिल्या रात्री चाळीच्या चौकातला बंगाली सिनेमा पाऊण तास उशिरा सुरू झाला, दहा वाजता आवाज बंद झाला आणि शेवट मुका झाला, म्हणून तुम्ही मध्येच निघालात. खालच्या मराठी ओळी पुढच्यांच्या डोक्यांआड गेल्या. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहापर्यंत आलात तर ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईंना घेऊन परत गेलात. वर चाळीतले लोक गॅलरीतून फुकट बघत होते, जुने सिनेमे मोबाइलवर फुकट मिळतात, आणि गिरगावात महोत्सव करून 'आलम आरा', म्हणजे आपला पहिला बोलपट, कसा नाही, हे तुमचे तीन प्रश्न. "फाळक्यांना आदरांजली म्हणून शेवट मुका ठेवला होता का?" हा टोमणा वेगळा. तो लागला.

आधी उशिराचं. पाऊण तासातली दहा मिनिटं फ्यूजची. वडापाववाल्याने त्याची शेगडी आमच्याच बोर्डाला लावली आणि प्रोजेक्टरसकट सगळं गेलं. ते होतं, आणि त्याची तयारी माझी असायला हवी होती; साउंड आणि प्रोजेक्टर भाड्याने देणं हाच माझा धंदा आहे, मी कोणाला सांगू. पण उरलेली ३५ मिनिटं फ्यूजने नाही, सत्काराने खाल्ली. सात जणांना शाल-श्रीफळ. पाच जण बोलले. त्यातल्या एकाने "मी दोनच शब्द बोलणार" असं म्हणून सुरुवात केली तेव्हाच मला कळलं की आज काही खरं नाही. माईक माझ्या हातातला, बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली. केला नाही बंद. जागा देणाऱ्यांना, जाहिरात देणाऱ्यांना कसं दुखवायचं, या विचारात अडीचशे माणसांना ताटकळत ठेवलं. चूक माझी.

सिनेमा १ तास ५८ मिनिटांचा. साडेसातला लागला असता तर साडेनऊच्या आत संपला असता. लागला सव्वाआठला. दहा वाजले तेव्हा १३ मिनिटं शिल्लक होती.

आता आवाज का बंद केला ते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. सणासुदीला सरकार बारापर्यंत सवलत देतं, पण तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. ते दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणांनाच पुरत नाहीत, आमच्या सिनेमाला त्यात कुठून जागा. अर्थात कायदा नसता तरी मी बंदच केला असता. फेब्रुवारी महिना, बारावीची परीक्षा डोक्यावर. चौकाकडे तोंड असलेल्या खोल्यांत मुलं अभ्यासाला बसलेली होती. चाळीने जागा दिली ती एका शब्दावर, "दहा म्हणजे दहा." तो शब्द मोडला असता तर पुढच्या वर्षी चौक मिळाला नसता, आणि मिळायलाही नको होता.

आवाज गेला तरी खाली ओळी आहेत, लोक वाचून समजून घेतील, असं मला त्या घाईत वाटलं. तुमच्या दोन तक्रारी इथे एकमेकींना भेटतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर जातं. थिएटरात जमीन उतरती असते म्हणून हा हिशोब कोणी करत नाही. चौक सपाट, त्यामुळे चौथ्या रांगेपासून मागे सगळ्यांना पडद्याचा तळ म्हणजे पुढच्याची वेणी नाहीतर टक्कल. दुपारी उजेडात पडदा बघितला तेव्हा मी उभा होतो. उभ्या माणसाला सगळं दिसतं.

तुम्ही निघालात त्यानंतरचं एक सांगतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक शाळकरी मुलगी बसली होती. तिला वरून ओळी स्वच्छ दिसत होत्या. तिने त्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आधी शेजारच्या आजीसाठी, मग चौकातली माणसं मान वर करून ऐकायला लागली म्हणून सगळ्यांसाठी. आईचं काम बापाच्या आवाजात आणि बापाचं आईच्या, पण वाचलं सगळं. तिला कुठला नियम आडवा आला नाही. टोमण्यापुरतं सांगायचं तर फाळक्यांच्या काळातले मूकपटही मुक्याने कोणी बघत नसे. पेटी-तबला घेऊन माणसं पडद्याजवळ बसायची. तेव्हा आदरांजली झाली असेल तर ती त्या मुलीने वाहिली, आम्ही नाही.

म्हणूनच गॅलरीतल्या "फुकट्यां"बद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. ते त्यांचं घर आहे. आम्ही त्यांच्या अंगणात पडदा बांधला, तीन रात्री त्यांना सज्जातल्या ट्यूबलाइटी मालवायला लावल्या, वाळत घातलेले कपडे काढायला लावले, गाड्या वाडीबाहेर लावायला लावल्या. त्यांनी आमच्याकडे भाडं मागितलं नाही. आम्ही त्यांच्याकडे तिकीट मागायचं? पुढच्या वर्षीही ते फुकटच बघणार. हे ज्यांना खटकतं त्यांनी शाळेच्या सभागृहातले खेळ बघावेत, तिथे गॅलरी नाही.

मोबाइलवर फुकट दिसतं, तेही अर्धंच खरं. घरी बघणं वेगळं आणि अडीचशे लोकांना दाखवणं वेगळं. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तोवर चौकात दाखवायचा तर हक्कदाराची परवानगी लागते, आणि ती पैसे देऊन मिळते. कोणीतरी तो चढवून ठेवलाय म्हणून मला लावता येत नाही. बरं, ६० वर्षं उलटलेल्या सिनेमाची बघण्यालायक प्रत मिळवणं हा आणखी एक खटाटोप. मोबाइलवर बरी वाटणारी प्रत १६ फुटांच्या पडद्यावर टाकली की माणसांचे चेहरे पिठाच्या गोळ्यासारखे दिसतात. ४०० रुपयांत तीन दिवसांचे नऊ खेळ होते. यात मी गाडी घेतलेली नाही.

'आलम आरा'चं दुःख तुमच्याइतकंच मलाही आहे. १४ मार्च १९३१ ला तो लागला तो आपल्याच गिरगावच्या मॅजेस्टिकला, आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कोरोनेशनला, म्हणजे तोही इथलाच. आपल्या माणसांना तो मान आहेच. पण 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, सिनेमा नाही. दाखवणार काय? मॅजेस्टिकही राहिलं नाही आणि कोरोनेशनही. म्हणून तर वाचनालय, शाळा आणि चौक धरून फिरावं लागतं.

वाचनालयावरून आठवलं. तिथल्या जिन्याबद्दल मला काहीही बचाव नाही. पायऱ्या ५४, मी नंतर मोजल्या. पत्रकावर "वाचनालय सभागृह" एवढंच छापलं, कारण आम्हा गल्लीतल्यांना ते तिसऱ्या मजल्यावर आहे हे लहानपणापासून माहीत. ज्याला माहीत नाही त्याने आईचा हात धरून खालपर्यंत यावं आणि तिथे कळावं, हे वाईट झालं. तुम्ही त्याच दिवशी निरोप पाठवला होता तो भाच्याच्या फोनवर पडून राहिला. दोन्ही पासांचे ८०० रुपये काल परत पाठवलेत, बघून घ्या. यापुढे प्रत्येक जागेपुढे मजला, पायऱ्या, लिफ्ट आहे की नाही आणि स्वच्छतागृह कुठे, एवढं छापलं जाईल.

पडद्याचं दुसऱ्याच रात्री निस्तरलं, तुम्ही नव्हतात. मंडळाच्या गणपतीच्या मांडवाच्या फळ्या मागून आणल्या, पडदा दोन फूट उचलला, पुढच्या सहा रांगांच्या खुर्च्या काढून सतरंज्या अंथरल्या. मागून ओळी दिसल्या. सतरंज्यांचा आणखी एक फायदा म्हणजे पोरं पुढे जाऊन बसली आणि मागे कुरकुर कमी झाली. डास मात्र होते तेवढेच राहिले.

सत्कार बंद. जागा देणाऱ्यांच्या घरी आदल्या दिवशी जाऊन नारळ देऊन येणार. दोघे नाराज झालेत, होऊ देत.

तुम्ही शेवटी लिहिलंत, "आई अजून विचारते, सिनेमातल्या त्या मुलीचं पुढे काय झालं." तोच सिनेमा येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता शाळेच्या सभागृहात परत लावतोय. तळमजला आहे, दारात एकच पायरी, तिथे फळी टाकून ठेवतो. नुसती १३ मिनिटं नाही, पहिल्यापासून, आणि आवाजासकट. हक्कदारांनी या खेळाचे पैसे घेतले नाहीत, म्हणून आम्हीही कोणाकडून घेत नाही. त्या रात्री चौकात असलेल्या कोणीही यावं. तुमच्या दोन खुर्च्या तिसऱ्या रांगेत कडेला राखून ठेवतो. तारे दोनच राहू देत, पण त्या मुलीचं काय झालं ते आईंना आधी सांगू नका.