बंद फाटकाखालून जायचा ‘हक्क’ कुणी दिला?

माझ्या भाच्याने परवा एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे वाच. आपण उगाच थांबतो.’ पोरगा पुणे-मिरज मार्गावरच्या एका फाटकातून रोज मोटारसायकलने कॉलेजला जातो. मेसेजचं नाव ‘रेल्वे फाटक : आपले कायदेशीर हक्क’. तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि ज्यांना मी जबाबदार समजतो अशा माणसांनीही तो पुढे ढकलला आहे.

मेसेजचं म्हणणं असं : फाटक पाच मिनिटांपेक्षा जास्त बंद ठेवणं बेकायदा आहे, त्यानंतर पादचारी आणि दुचाकीस्वार खालून जाऊ शकतात. गाडी गेल्यावरही गेटमन आळसाने फाटक उघडत नाही, म्हणून गाडी गेली की लगेच निघावं. इंजिनचा ड्रायव्हर लांबून बघतो आणि ब्रेक लावतो. बिनगेटमनची फाटकं बंद झाल्यामुळे आता अपघात होतच नाहीत. आणि रुळावर वाहन बंद पडलंच, तर खाली न उतरता पहिला गिअर टाकून सेल्फ मारत राहावं.

सगळ्यात जीवघेणा मुद्दा दुसरा. गाडी गेली, फाटक उघडलं नाही, म्हणजे गेटमन आळशी! हे लिहिणाऱ्याने फाटक कसं चालतं हे कधी पाहिलेलंच नाही. वर्दळीची बहुतेक फाटकं सिग्नलशी जोडलेली असतात, त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. फाटक पूर्ण खाली येऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत गेटमनला मनात आलं म्हणून फाटक उघडता येत नाही. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनच्या फाटकामुळे मध्य रेल्वेच्या लोकल वर्षानुवर्षं रखडत आल्या त्या याचमुळे. वाहनं सरकत राहिली, फाटक बंद करता आलं नाही, की सिग्नल लालच राहतो.

आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एक गाडी तुमच्या डोळ्यांदेखत गेली आणि तरीही फाटक खालीच आहे, तर बहुतेक वेळा दुसऱ्या लाइनवर गाडीला सिग्नल दिलेला आहे. फाटक उघडत नाही हीच दुसऱ्या गाडीची सूचना आहे. मेसेज सांगतो की नेमक्या त्याच क्षणी खाली वाकून आत शिरा.

त्या क्षणी माणसाला दिसतं काय? समोरून गेलेल्या गाडीचे शेवटचे डबे अजून नजर अडवून असतात. तिचा खडखडाट कानात असतो, त्यात दुसरीचा हॉर्न विरतो. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला तीस मीटर अंतर कापते. ती सहाशे मीटरवर दिसली तरी हातात वीस सेकंद. त्यात मोटारसायकलला किक मारायची, वाकून हँडल आडव्या दांड्याखालून काढायचं, खडी आणि रुळांच्या खाचेतून चाक सांभाळायचं, आणि पलीकडच्या दांड्याखाली पुन्हा वाकायचं. शिवाय लांबून येणारी मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्यांना वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लाइबोवित्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांच्याच संदर्भात ही गोष्ट मांडली होती.

आमच्या भागाला तर हे वेगळं ओरडून सांगायला हवं. पुणे-मिरज मार्ग कित्येक दशकं एकेरी होता. एक गाडी गेली की रूळ मोकळा, हे आमच्या आईवडिलांनी डोळ्यांनी पाहिलेलं आणि त्यांच्यापुरतं खरंही होतं. आता दुहेरीकरण झालं, वरून विजेची तार आली. डिझेल इंजिन कोसभर आधी घरघरायचं. विजेचं इंजिन अंगावर येईपर्यंत कळत नाही. जुन्या सवयीने नव्या रुळावर पाऊल टाकणाऱ्या माणसाला हा मेसेज धीर देतो, याचा मला संताप येतो.

पाच मिनिटांच्या ‘हक्का’बद्दल. रस्त्यावरची वाहतूक विनाकारण अडवू नये अशा सूचना रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना असतात, एवढं मी मान्य करतो. पण ती सूचना गेटमनला आहे. तिच्यातून तुम्हाला रुळावर जायचा परवाना मिळत नाही. रेल्वे कायदा, १९८९ काय म्हणतो ते पाहा. कलम १६० : रस्त्यासाठी बंद असलेलं फाटक परस्पर उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. कलम १४७ : परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच मिनिटांनंतर ही कलमं लागू नाहीत, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

ड्रायव्हर बघून ब्रेक लावतो हे खरं आहे. तो ब्रेक लावतोच. गाडी थांबत नाही. रुळावर अडथळा असेल तर गेटमनने काय करायचं याचा रेल्वेचा नियमच बघा : ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळाला लावायचे, म्हणजे त्यांच्या आवाजाने ड्रायव्हर सावध होईल. सव्वा किलोमीटर आधी सांगावं लागतं, कारण गाडी थांबायला तेवढी जागा लागते. शंभर मीटरवर तुम्ही दिसलात तर तो माणूस हॉर्न दाबून धरण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि ते दृश्य त्याला जन्मभर पुरतं.

वाहन बंद पडलं तर आत बसून राहा, हा सल्ला देणाऱ्याला मी काय म्हणू? आधी सगळ्यांना खाली उतरवा, मुलंबाळं रुळापासून लांब न्या, आणि एकाने गेटमनकडे धावत जा. त्याच्याकडे लाल झेंडी आहे, फटाके आहेत, स्टेशन मास्तरशी बोलायला फोन आहे. वाहन ढकलायचं ते त्यानंतर, आणि गाडी दिसली की वाहन तिथेच सोडून द्यायचं.

‘आता अपघात होत नाहीत’ यातला अर्धा भाग बरोबर आहे. ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपवली गेली, आणि ते मोठं काम होतं. कन्हानजवळ फेब्रुवारी २००५ मध्ये लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली अशाच फाटकावर सापडली, पन्नासहून जास्त माणसं गेली. कुशीनगरला एप्रिल २०१८ मध्ये शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं गेली. पण गेटमन असला की झालं, असंही नाही. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर धडकली आणि तीन विद्यार्थी गेले. तिथे गेटमन होता, पण फाटक सिग्नलशी जोडलेलं नव्हतं. फाटक बंद न करताच त्याने ते बंद असल्याचं स्टेशनला कळवलं, असं चौकशीत पुढे आलं. म्हणून उघड्या फाटकातही काच खाली घ्या, गाणी बंद करा, दोन्हीकडे बघा आणि मगच पुढे व्हा. एवढं करायला दहा सेकंद लागतात.

मेसेजमधली एकच तक्रार मला पटते : लोकांचा फाटकावर फार वेळ जातो. जातो. ॲम्ब्युलन्स अडकतात, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागते. पण यावरचं उत्तर डॉ. अनिल काकोडकरांच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्येच दिलं आहे. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असं त्या अहवालात होतं. कुठलाही सुसंस्कृत समाज असा संहार चालवून घेऊ शकत नाही, असं समितीने लिहिलं. गेटमन असलेली आणि नसलेली, सगळीच फाटकं पाच वर्षांत काढा, पन्नास हजार कोटी लागतील, आणि फाटकं चालवण्याचा खर्च वाचून सात-आठ वर्षांत ते वसूल होतील, हा हिशेबही मांडून दिला. ती पाच वर्षं केव्हाच उलटली. गेटमनवाली हजारो फाटकं अजून आहेत.

राग काढायचा तर इथे काढा. एका दिवसात फाटकातून किती गाड्या आणि किती वाहनं जातात, यांच्या गुणाकाराला रेल्वेत टीव्हीयू म्हणतात. तो एक लाखाच्या वर गेला की राज्य आणि रेल्वे खर्च वाटून घेऊन उड्डाणपूल बांधू शकतात. आपल्या फाटकाचा आकडा किती आणि मोजणी शेवटची कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. भुयारी मार्ग मंजूर होत असेल तर पावसाचं पाणी कुठून बाहेर जाणार, हे नकाशावर दाखवायला लावा, कारण पावसाळ्यात तुंबलेला भुयारी मार्ग लोकांना पुन्हा रुळावर आणतो. भाच्याला मी हा अर्ज लिहायला बसवलं आहे, ग्रामपंचायतीचा ठरावही सोबत जोडायचा आहे. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी आपल्या गावच्या फाटकासाठी हेच करावं, आणि आधी तो मेसेज जिथे जिथे टाकला तिथून काढून टाकावा.