मायक्रोफिल्म तपासणाऱ्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

ग्रंथालयाने जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मिंगचं (म्हणजे पानांचे इवलेसे फोटो फिल्मच्या रिळावर घेण्याचं) कंत्राट दिलंय आणि तपासणीचं लोढणं तुमच्या गळ्यात आलंय? अभिनंदन. अजिबात घाबरू नका. हे काम जितकं कमी कराल, तितका अहवाल सुबक होतो.

नियम म्हणतो, फाइल कॅमेऱ्याखाली जाण्याआधी पानन् पान जुळवा आणि जे नाही त्याच्या जागी ‘पान गहाळ’ अशी पाटी फिल्मवर घ्या. म्हणजे पुढच्या अभ्यासकाला कळतं की पान मुळातच नव्हतं, कॅमेरावाल्याने दोन पानं एकदम उलटली असं नाही. पण त्याला ते कळावं असा आपला आग्रह का? पाटी नसली की पान कसरीने खाल्लं की कंत्राटदाराने, याचा सोक्षमोक्ष कधीच लागत नाही.

मग येतो रेषांचा तक्ता. रिळाच्या सुरुवातीला बारीक बारीक रेषांचे गट असलेला तक्ता टिपलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरून आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा सुट्ट्या दिसणारा सगळ्यात बारीक गट कोणता, तो आकडा लिहायचा; फिल्म किती स्पष्ट आली ते त्यावरून कळतं. डोळे दुखतात हो! मागच्या रिळाचा आकडा उतरवा. कॅमेरा तोच, टेबल तेच, आकडा बदलेल कशाला? (भिंग मध्ये हललं असेल तर तो भिंगाचा दोष.)

घनता, म्हणजे फिल्म किती काळी झाली ते, मोजायला डेन्सिटोमीटर असतो, तो कपाटात सुरक्षित आहे ना एवढं बघा. पिवळ्या पडलेल्या पानाला वेगळं एक्स्पोजर, पांढऱ्याला वेगळं, असले लाड नकोत. एक्स्पोजर जास्त झालं तर निगेटिव्हवर बारीक रेषा बुजतात, टिंबं जातात. जाऊ द्या. ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ वरचे अनुस्वार फिल्मवरच गळून पडले, तर एकोणिसाव्या शतकातला अग्रलेख फुकटात १९६२च्या शुद्धलेखनाप्रमाणे होऊन मिळतो.

हायपो, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा पक्की करणारं रसायन, हा मात्र जरा नाजूक विषय आहे. फिल्म नीट धुतली गेली नाही तर त्यात हायपो उरतो आणि काही वर्षांनी प्रतिमा पिवळी पडून विरू लागते. म्हणून उरलेला हायपो मोजणारी मिथिलीन ब्लू चाचणी, तीही फिल्म धुतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. प्रयोगशाळेत दुपारनंतर नळाला पाणी नसतं हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि कंत्राटदारालाही. नमुना तिसऱ्या आठवड्यात पाठवा. चाचणी झाल्याची पावती मिळते, आणि फाइलीला पावतीच लागते. पॉलिएस्टरवरची सिल्व्हर फिल्म नीट धुतली, नीट ठेवली तर ५०० वर्षं टिकते म्हणतात. तुमच्या निवृत्तीला किती उरलीत?

मूळ निगेटिव्ह दुसऱ्या इमारतीत थंड-कोरड्या जागी, त्यावरून छपाईची निगेटिव्ह, त्यावरून वाचकांसाठी प्रत, असा तीन पिढ्यांचा संसार मांडायला सांगतात. एवढी बिलं कोण पास करणार? मूळ निगेटिव्हच वाचनयंत्रावर चढवा. चरे पडले तर वाचकांचा प्रतिसाद उत्तम, असं वार्षिक अहवालात येईल. आणि तिजोरीतल्या जुन्या ॲसिटेट रिळांना व्हिनेगरचा वास येत असेल (फिल्म कुजू लागल्याची ती खूण), तर उदबत्ती लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्म आली की मूळ फाइली लगेच रद्दीत काढा, जागा मोकळी होते. यात आपण एकटे नाही. अमेरिकेतल्या थोरामोठ्या ग्रंथालयांनी विसाव्या शतकात फिल्म हाती आल्यावर बांधीव वर्तमानपत्रं विकली, नाहीतर मोडीत काढली; काही फिल्मांवर पानं नाहीत आणि काहींवरचा मजकूर वाचता येत नाही, ही बोंब मागाहून. तुम्ही तर तपासणीआधीच रद्दीवाल्याला बोलवा.

आणि एखाद्या चिकट अभ्यासकाने अमुक तारखेचा अंक फिल्मवर अर्धाच दिसतो अशी लेखी तक्रार केलीच, तर तिची रीतसर पोच द्या आणि कळवा: ‘मूळ अंक पडताळणीसाठी सादर करावा, पुढील कार्यवाही करण्यात येईल.’